गजर वाजतो, गोळी राहते: औषधाची आठवण देणाऱ्या मोबाइल साधनांचं परीक्षण

अकरावीतली मुलगी. फिट्ससाठी लेव्हेटिरासिटॅम, सकाळी आठ आणि रात्री आठ. रात्री आठला ती क्लासमध्ये असते, फोन बॅगेत सायलेंटवर असतो आणि गोळ्यांची पट्टी घरी फ्रिजवर. अशा मुलीच्या फोनमध्ये जगातलं सर्वांत चांगलं अ‍ॅप टाकलं तरी आठवड्यातून पाच दिवस तिचा रात्रीचा डोस उशिरा होणार किंवा राहणार. तिची अडचण विसरण्याची नाही. गोळी जवळ नसण्याची आहे. तिला आधी दप्तरात दोन गोळ्यांची डबी हवी, मग गजर.

परीक्षणाच्या सुरुवातीलाच हे सांगायचं कारण असं की औषधाचा खाडा तीन वेगवेगळ्या कारणांनी पडतो: आठवत नाही, आठवतं पण गोळी हाताशी नसते, आणि आठवतं, हाताशीही असते, पण घ्यायची नसते. फोन पहिल्या कारणावर चांगला चालतो, दुसऱ्यावर थोडा आणि तिसऱ्यावर एकटा अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये मांडलं होतं की विकसित देशांतही दीर्घ आजारांची औषधं नियमित घेणारे रुग्ण सरासरी निम्मेच असतात. बारा ते वीस या वयात त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. तोवर गोळी आई हातावर ठेवत असते आणि एका टप्प्यावर ते काम मुलावर येतं. हा हस्तांतराचा काळ नीट सांभाळला गेला नाही तर गोळी कुणाचीच जबाबदारी राहत नाही. आईला वाटतं त्याने घेतली, त्याला वाटतं आई आठवण करेल.

खालची साधनं आम्ही याच कसोटीवर पाहिली आहेत: वेळेवर खात्रीने वाजतं का, नोंद खरी राहते का, आणि खाडा पडला तर कुणाला कळतं का.

फोनमधलं साधं घड्याळ

याला लोक कमी लेखतात. एकच औषध, दिवसातून एकदा किंवा दोनदा असेल तर बहुतेकांना यापुढे काही लागत नाही. अँड्रॉइडवर घड्याळाचा गजर बॅटरी वाचवण्याच्या नियमांतून सुटलेला असतो, त्याला इंटरनेट लागत नाही, आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असलं तरी बहुतेक फोनवर मूळ सेटिंगप्रमाणे तो वाजतो. आयफोन सायलेंटवर असला तरी घड्याळाचा गजर वाजतो, पण ‘रिमाइंडर’ अ‍ॅपची साधी सूचना तेव्हा गप्प राहते. आयफोनवर ज्यांनी औषधाची वेळ रिमाइंडरमध्ये टाकली आहे त्यांनी ती आजच घड्याळात हलवावी.

गजर लावायची रीत मात्र नीट हवी. सकाळी उठायचा आणि गोळीचा सूर वेगळा ठेवा. एकच असेल तर झोपेत बोट आपोआप ‘बंद’वर जातं आणि काय बंद केलं ते आठवतही नाही. एका डोससाठी दोन गजर लावा: पहिला आठचा, दुसरा आठ वीसचा, त्याचं नाव ‘घेतली का?’. पहिला बंद केला आणि कुणीतरी हाक मारली, असं रोज होतं. दुसरा गजर त्यासाठी. स्नूझवर भिस्त ठेवू नका, कारण स्नूझचा गजरही त्याच अर्धवट लक्षात बंद होतो. आणि सातही दिवस निवडले आहेत ना ते पाहा. शाळेच्या गजराची नक्कल करून गोळीचा गजर केला की रविवार सुटतो, आणि दर रविवारी एक डोस जातो हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

साध्या गजराची खरी उणीव म्हणजे नोंद नाही. ‘सकाळची घेतली होती का?’ या प्रश्नाला तो उत्तर देत नाही, आणि याच प्रश्नापायी दुहेरी डोस होतो. त्यावर सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा लावा. दोन वेळा असतील तर चौदा कप्प्यांचा. रविवारी रात्री भरायचा. कप्पा रिकामा म्हणजे घेतली. मेडिकलच्या दुकानात मिळतो आणि त्याला चार्जिंग लागत नाही. मात्र काही गोळ्या पट्टीतून आधी काढून ठेवायच्या नसतात. फिट्सवरचं सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात डब्यात चिकट होतं. अशा वेळी पट्टी कापून, गोळी फॉइलमध्येच ठेवून कप्प्यात टाकावी.

मायथेरपी

म्युनिकच्या कंपनीचं अ‍ॅप. मोफत. औषधाचं नाव, मात्रा, वेळ भरायची. वेळ झाली की सूचना येते, ‘घेतली’ किंवा ‘वगळली’ यावर टिचकी मारायची. सोबत साखर, रक्तदाब, वजन, लक्षणं लिहिता येतात आणि महिन्याचा अहवाल पीडीएफमध्ये निघतो. आमच्या मते त्याची सर्वांत उपयोगी बाजू हा अहवाल आहे. दमा किंवा टाइप 1 मधुमेहाच्या मुलाच्या फाइलला तो लावला तर ओपीडीतल्या पाच मिनिटांत डॉक्टरांना दिसतं की खाडे विखुरलेले नाहीत, शनिवारी रात्रीचेच आहेत.

मराठीत अ‍ॅप नाही. पण औषधाच्या नावाच्या जागी हवं ते टाइप करता येतं, तेव्हा यादीतलं लांबलचक इंग्रजी नाव निवडण्यापेक्षा ‘पांढरी लांबट, जेवणानंतर’ असं लिहिलेलं आजीलाही कळतं. मूळ नाव आणि मिलिग्रॅम मात्र कुठेतरी नोंदवून ठेवा, पट्टीचा फोटो काढला तरी चालेल. तातडीने दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ‘पांढरी लांबट’ उपयोगाचं नाही.

साठ्याची सोय वापराच. हातात किती गोळ्या आहेत ते भरलं की ते दर नोंदीला कमी करत जातं आणि संपत आल्या की सांगतं. इशारा किमान सात दिवस आधीचा ठेवा. गावच्या मेडिकलमध्ये औषध मागवावं लागतं, मधे सुट्टी येते, आणि सरकारी केंद्रावर औषधवाटपाचे वार ठरलेले असतात. एक मेख आहे. ‘घेतली’ दाबायचं राहिलं तर अ‍ॅपच्या हिशेबात गोळ्या जास्त उरतात आणि इशारा उशिरा येतो. म्हणून रविवारी डबा भरताना पट्टीतल्या गोळ्या मोजून आकडा दुरुस्त करायचा.

मेडिसेफ

इस्रायलमधल्या दोन भावांनी हे 2012 मध्ये सुरू केलं. त्यांच्या वडिलांनी चुकून इन्शुलिन दोनदा घेतलं होतं, त्या प्रसंगातून. त्यात ‘मेडफ्रेंड’ नावाची सोय आहे. ठरल्या वेळेत नोंद झाली नाही तर आपण निवडलेल्या माणसाला कळतं. त्यासाठी त्या माणसाच्या फोनवरही अ‍ॅप लागतं आणि दोघांचं इंटरनेट चालू हवं. डेटा संपला की ही सोय मुकी.

या अ‍ॅपची नीट चाचणी झालेली आहे, आणि तिचा निकाल वाचण्यासारखा आहे. रक्तदाब आटोक्यात नसलेल्या 411 प्रौढांवर बारा आठवडे केलेला हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅप वापरणाऱ्यांनी स्वतः सांगितलेली नियमितता थोडी सुधारली, पण रक्तदाब दोन्ही गटांत सारखाच उतरला. म्हणजे माणसं ‘घेतली’ म्हणू लागली, शरीरात फरक दिसला नाही. टिचकी आणि गिळणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वर्गात बसलेला मुलगा सूचना घालवण्यासाठी ‘घेतली’ दाबतो, गोळी घरी गेल्यावर घेणार असतो, आणि घरी गेल्यावर अ‍ॅप गप्प असतं कारण त्याच्या लेखी डोस झालेला आहे. म्हणून मुलांना पहिल्या दिवशी एकच नियम शिकवायचा: गोळी गिळल्यावरच बटण. वेळ पुढे ढकलायचं बटण त्यासाठीच आहे. ते दाबण्यात कमीपणा नाही.

मेडफ्रेंड कोण असावा हे मुलाने ठरवावं. ही आमची ठाम शिफारस आहे. आई-वडील असले तरी चालतील, पण मोठी बहीण, मावशी, रूममेट, काका कुणीही चालेल. अट एकच: इशारा आल्यावर तो माणूस ओरडणार नाही, फोन करून ‘अरे, घेतलीस का?’ एवढंच विचारेल. इशाऱ्याचं रूपांतर रोजच्या चौकशीत झालं की मुलं खोटी टिचकी मारू लागतात, आणि खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट. डॉक्टर ती खरी मानून मात्रा वाढवतात.

आयफोनमधली औषधांची सोय

2022 च्या आयओएस 16 पासून ‘हेल्थ’ अ‍ॅपमध्येच आहे, वेगळं काही उतरवायला नको. 2023 च्या आयओएस 17 मध्ये दोन चांगल्या गोष्टी आल्या: नोंद झाली नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा आठवण, आणि ‘क्रिटिकल अलर्ट’, जो सायलेंट आणि फोकस (सूचना गप्प ठेवणारी आयफोनची सोय) दोन्ही ओलांडून वाजतो. दोन्ही आपण मुद्दाम चालू कराव्या लागतात आणि बहुतेकांनी केलेल्या नसतात. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी दुसरं अ‍ॅप शोधू नये.

अँड्रॉइडवर अ‍ॅप का वाजत नाही

आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या हातात अँड्रॉइड असतो, आणि ‘अ‍ॅप टाकलं, चार दिवस वाजलं, मग बंद पडलं’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. दोष बहुधा अ‍ॅपचा नसतो. फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेली अ‍ॅप्स झोपवतो, आणि रोज दहा सेकंदच उघडलं जाणारं औषधाचं अ‍ॅप त्याला बिनकामाचं वाटतं.

अँड्रॉइड 13 पासून सूचना दाखवायची परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. पहिल्यांदा उघडताना घाईत ‘नको’ दाबलं की संपलं. अँड्रॉइड 12 पासून ‘अलार्म आणि रिमाइंडर’ अशी आणखी एक परवानगी आली, आणि अँड्रॉइड 14 वर नव्याने टाकलेल्या पुष्कळ अ‍ॅप्सना ती आपोआप मिळत नाही. ती नसेल तर सूचना येते, पण फोनच्या सोयीने, कधी दहा मिनिटांनी तर कधी तासाने. ‘वेळ चुकतेय’ अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा इथे बघा: सेटिंग, अ‍ॅप्स, विशेष परवानग्या, अलार्म आणि रिमाइंडर.

त्यानंतर बॅटरी. अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीचा पर्याय ‘अनिर्बंध’ करा. शाओमी, रेडमी, पोकोवर ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा. ते बंद असेल तर फोन बंद करून सुरू केल्यावर आपण स्वतः अ‍ॅप उघडेपर्यंत आठवण येत नाही. ओप्पो, रियलमी, विवोवर हीच गोष्ट ‘ऑटो लाँच’ किंवा ‘मागे चालू द्या’ अशा नावाने सापडते. सॅमसंगवर ‘कधीही न झोपणारी अ‍ॅप्स’ अशी यादी आहे, तिच्यात टाका. अ‍ॅपच्या माहितीतच खाली ‘न वापरल्यास अ‍ॅप थांबवा’ असं एक बटण असतं, ते बंद करा. आणि मुलांना सांगा की ‘फोर्स स्टॉप’ दाबायचं नाही. ते दाबलं की लावलेले सगळे गजर पुसले जातात.

एक बारीक गोष्ट बऱ्याच जाणत्यांनाही माहीत नसते. रात्री अपडेट होऊन फोन स्वतः बंद-चालू झाला तर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत बहुतेक अ‍ॅप्स सुरूच होत नाहीत. घड्याळाचा गजर वाजतो, औषधाच्या अ‍ॅपची सूचना येत नाही. सकाळी साडेसहाची थायरॉइडची गोळी अशीच राहते. म्हणून ज्या औषधाचा एकही डोस चुकवून चालणार नाही, त्याला अ‍ॅपसोबत घड्याळाचाही एक गजर ठेवायचा.

खात्री करायला दोन दिवस द्या. खोटं औषध टाका, नाव ‘चाचणी’. एकदा फोन कुलूप लावून तासभर पालथा ठेवून बघा. एकदा बंद-चालू करून. एकदा बॅटरी सेव्हर लावून. एकदा डेटा बंद करून. चारही वेळा दोन मिनिटांच्या आत वाजलं तरच खरं औषध त्यात भरा.

क्षयरोगासाठी मिस्ड कॉल: 99डॉट्स

हे अ‍ॅप नाही आणि स्मार्टफोनही लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधन शाखेतून निघालेली आणि बंगळुरूच्या एव्हरवेलने वाढवलेली ही पद्धत राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात वापरली गेली. गोळ्यांच्या पट्टीला कागदी पाकीट असतं. गोळी दाबून बाहेर काढली की कागद फाटतो आणि आत लपलेला टोल-फ्री नंबर दिसतो. नोंदवलेल्या मोबाइलवरून त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. कोणत्या गोळीमागे कोणता नंबर येणार हे आधी कळत नाही, त्यामुळे पट्टी न उघडता कॉल देता येत नाही. पैसे लागत नाहीत, वाचता येण्याची गरज नाही, अंक ओळखता आले की झालं. केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला निक्षय या क्षयरोग कार्यक्रमाच्या ऑनलाइन नोंद-प्रणालीवर त्या दिवसाची नोंद दिसते.

सहा महिन्यांच्या उपचारात 168 डोस असतात: पहिले दोन महिने 56 आणि पुढचे चार महिने 112. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि सतरा वर्षांच्या मुलाला वाटतं आपण बरे झालो. नेमकं तिथून पुढचे 112 दिवस अवघड असतात. त्या काळात कुणाला तरी रोज कळतंय ही गोष्ट मोलाची आहे. हाच या पद्धतीचा गाभा, आणि म्हणून आम्हाला ती आवडते.

तिच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत रुग्णांच्या घरी न सांगता जाऊन लघवीत आयसोनियाझिड हे क्षयरोगाचं औषध आहे का हे तपासलं गेलं. गोळी घेऊनही कॉल न दिलेले बरेच निघाले. कॉल नाही म्हणजे गोळी नाही, असं धरता येत नाही. कारणं साधी असतात: नेटवर्क नाही, फोन वडिलांसोबत शेतावर गेला, सिम बदललं आणि केंद्राला कळवलं नाही. सिम बदललं की त्याच दिवशी केंद्रावर सांगा. पाकिटं मिळत नसतील तर कर्मचाऱ्याला थेट फोन करून रोजची नोंद लावून घेता येते का ते विचारा. निक्षय संपर्क या क्षयरोग मदतवाहिनीचा 1800-11-6666 हा टोल-फ्री नंबर उलटी, खाज, डोळे पिवळे होणं अशा तक्रारींसाठीही आहे. डोळे पिवळे दिसले तर मात्र फोनवर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पलीकडे माणूस असतो तेव्हा

केनियातल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेलटेल नावाच्या अभ्यासात एचआयव्हीच्या 538 रुग्णांपैकी निम्म्यांना आठवड्यातून एकदा नर्सकडून एसएमएसने एकच शब्द जायचा, ‘मांबो?’, म्हणजे ‘कसं काय?’. दोन दिवसांत ‘सावा’, म्हणजे ठीक, किंवा ‘शिदा’, म्हणजे अडचण, असं उत्तर द्यायचं. अडचण आली किंवा उत्तरच आलं नाही तर नर्स फोन करायची. नियमित औषध घेणारे त्या गटात 62 टक्के, दुसऱ्यात 50 टक्के. त्या संदेशात औषधाचा उल्लेखही नव्हता.

भारतात एचआयव्हीच्याच 631 रुग्णांना आठवड्याला आपोआप जाणारा आवाजी कॉल आणि चित्राचा एसएमएस दिला गेला. दोन वर्षांत फरक पडला नाही. युगांडात 15 ते 22 वयाच्या 332 मुला-मुलींना वर्षभर आठवड्याला संदेश गेले. तिथेही नाही, आणि उत्तर द्यायची सोय असलेल्या गटातही नाही. उलट न्यूयॉर्कमध्ये यकृत बदललेल्या 41 मुलांवर झालेला छोटा अभ्यास 2009 चा. डोसच्या वेळी संदेश जायचा आणि तासाभरात उत्तर आलं नाही तर घरच्याला कळवलं जायचं. वर्षभरात यकृत नाकारलं जाण्याचे प्रसंग 12 वरून 2 वर आले. तुलनेचा गट नसल्याने यावर फार मोठा इमला बांधता येणार नाही. तरी ही चार उदाहरणं शेजारी ठेवली की आमचं मत एका बाजूला झुकतं: ओळखीच्या, काळजी असलेल्या आणि खाडा कळल्यावर काहीतरी करू शकणाऱ्या माणसापर्यंत निरोप पोचला तर फोन उपयोगी पडतो. यंत्राने यंत्रवत पाठवलेला निरोप दोन आठवड्यांत कानाआड होतो.

म्हणून घरात सगळ्यात स्वस्त आणि चालणारी सोय म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर एका माणसाला रोज रिकाम्या कप्प्याचा फोटो. मजकूर नको, गट नको. होस्टेलवरच्या मुलाने ताईला फोटो टाकायचा, ताईने अंगठा द्यायचा. दहा वाजेपर्यंत फोटो नाही आला तर ताईने फोन करायचा. एक सावधगिरी: फोटो आपोआप गॅलरीत जातात, आणि रूममेट गॅलरी चाळतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमधली ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा.

गोपनीयता

मित्रांसमोर स्क्रीनवर गोळीचं नाव झळकलं की मुलगा त्या रात्री अ‍ॅप काढून टाकतो. एचआयव्ही, मानसिक आजार, फिट्स यांत हे हमखास. अ‍ॅपमध्ये औषधाचं नाव ‘पाणी’ किंवा ‘वही’ ठेवा. अँड्रॉइडवर लॉक स्क्रीनवरचा संवेदनशील मजकूर लपवा. आयफोनवर ‘प्रीव्ह्यू फक्त अनलॉक असताना’ करा. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय तिची स्थिती उघड करायला मनाई केली आहे, तेव्हा मेडफ्रेंड कोण हे तिच्या संमतीनेच ठरावं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरली आहे. त्यामुळे लहान मुलाचं खातं पालकांनी उघडावं, आणि जन्मतारीख खोटी टाकू नये. मानसिक आजाराच्या गोळ्या नकोशा वाटू लागल्या, मन उतरलं, तर 14416 वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी मोफत आहे. गोळ्या अचानक बंद करण्याआधी तिथे बोलावं.

वेळ ठरवताना

औषधाची वेळ फोनला नाही, दिनक्रमाला बांधायची. दम्याचा रोजचा प्रिव्हेंटर इनहेलर दात घासण्याआधी: तो घेतल्यावर चूळ भरायचीच असते, म्हणून ब्रशशेजारी ठेवला की दोन्ही कामं होतात. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास लांब. एचआयव्हीच्या डोल्युटेग्रॅविरचं लोहाशी रिकाम्या पोटी जमत नाही, ते लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी इथे आडवी येते, म्हणून त्या वाराला वेगळी आठवण लावा.

संधिवाताच्या तापामुळे हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दर 21 किंवा 28 दिवसांनी असतं. कॅलेंडरमध्ये ‘दर महिन्याला’ लावलं तर 21 दिवसांचं अंतर थेट 30-31 दिवसांचं होतं आणि मधल्या काळात मूल संरक्षणाविना राहतं. ‘दर 21 दिवसांनी’ असंच लावा, आणि इंजेक्शन उशिरा झालं तर मोजणी प्रत्यक्ष दिलेल्या तारखेपासून पुन्हा सुरू करा.

रात्री बाराच्या जवळ डोस ठेवू नका. बारा दहाला घेतलेली गोळी अ‍ॅप पुढच्या तारखेला टाकतं आणि दुसऱ्या दिवशी मुलगा ‘आजची झाली’ म्हणून सोडून देतो. साडेदहा योग्य. शिक्षणासाठी जर्मनीला जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे आहे. बारा तासांच्या अंतराचं औषध असेल तर प्रवासाच्या दिवसाचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घेऊन निघा.

डोस चुकल्यावर काय करायचं हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. ते डॉक्टरांना आधीच विचारून अ‍ॅपच्या टिपणीत लिहून ठेवा, कारण रात्री अकराला विचारायला कुणी नसतं. एक गोष्ट बहुतेक औषधांना लागू आहे: चुकलेला भरून काढायला दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत.

मोबाइल आई-वडिलांचा असेल तर ज्या वेळी तो घरात असतो तीच औषधाची वेळ. नऊला वडील फोन घेऊन कामावर जात असतील तर सकाळी सात आणि रात्री सात हे आठ-आठपेक्षा बरं. दुपारचा तिसरा डोस असेल तर तिथे फोन हरतोच. शाळेत गोळी घ्यायला मुलं लाजतात, आणि वर्गशिक्षकांना प्रत्येक वेळी सांगता येत नाही. अशा वेळी अहवालातले दुपारचे रिकामे चौकोन डॉक्टरांसमोर ठेवा आणि हेच औषध दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायच्या प्रकारात मिळतं का ते विचारा. फिट्सच्या बऱ्याच औषधांत सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत. हे विचारायला रुग्ण संकोचतात आणि तीन वेळांची चिठ्ठी वर्षानुवर्षं चालत राहते. महिनाभराची नोंद घेऊन गेलं तर ती बदलण्याची शक्यता वाढते.